ठिणगीचं वय

२३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि आठवडाभरात बातमी आली की प्रज्ञान रोव्हरला दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक सापडलं. सोबत ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम हेही होतं. ज्या उपकरणाने हे शोधलं त्याला लिब्ज (लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाऊन स्पेक्ट्रोस्कोपी) म्हणतात. ते इस्रोच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत तयार झालं. बातम्यांनी त्याची कृती एका वाक्यात उरकली: लेझर मारला, मातीची वाफ झाली, वाफ चमकली, चमकेवरून मूलद्रव्यं ओळखली.

वाक्य खरं आहे, फक्त त्यातून वेळ निसटलाय. लेझरने उठवलेली ठिणगी काही मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) जगते, आणि तेवढ्यात तिचा प्रकाश पार पालटतो. जन्मल्या जन्मल्या पाहिली तर तिच्यात कुठलंच मूलद्रव्य धड ओळखू येत नाही. मायक्रोसेकंदभर थांबलात तर नावनिशीवार यादी हातात येते. आणखी उशीर केलात तर सुट्या अणूंच्या जागी रेणू दिसायला लागतात. ठिणगीत काय दिसेल हे तुम्ही तिच्याकडे केव्हा पाहता यावर ठरतं, आणि या क्षेत्रातली निम्मी कारागिरी त्या 'केव्हा'चीच आहे.

चंद्राची माती म्हणजे पन्नास गोष्टींची सरमिसळ. समजून घ्यायला ॲल्युमिनियमची साधी चकचकीत पट्टी बरी. ती हवेत, टेबलावर ठेवली आहे असं धरू. लेझर निओडिमियम-याग, या कामासाठी प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरतात तो. त्याचा प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा (आणि म्हणूनच जास्त घातक, चष्म्याशिवाय त्या खोलीत कोणी पाऊल टाकू नये). एका पल्समध्ये, म्हणजे लेझरच्या एका क्षणिक झोतात, ५० मिलिज्यूल ऊर्जा. ही ऊर्जा किरकोळ आहे, ५ ग्रॅम वजन मीटरभर उचलण्याइतकी. पण ती ७ नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग) येते, ज्या वेळात खुद्द प्रकाश जेमतेम २ मीटर जातो. भागाकार केला तर शक्ती येते ७० लाख वॅट. भिंगाने ती ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर आणली की दर चौरस सेंटीमीटरला २,००० कोटी वॅटच्या वर तीव्रता होते. तिच्यापुढे कुठलाच धातू टिकत नाही.

पहिल्या क्षणी मात्र धातू बऱ्यापैकी टिकतो. चकचकीत ॲल्युमिनियम या तरंगलांबीचा नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतं. उरलेला वरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरात शोषला जातो, आणि पल्स चालू असेपर्यंत ती उष्णता आत साधारण मायक्रोमीटरभरच पोचते. एवढ्याशा थरात एवढी ऊर्जा कोंडली की तो ६६० अंशांना वितळतो, २,५०० अंशांच्या आसपास उकळतो आणि त्याच्याही पलीकडे जातो. तापलेला, वितळलेला धातू आधीसारखा प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे शोषण वाढतं, त्यामुळे तो आणखी तापतो. मग पृष्ठभागावर वाफ उठते.

इथे एक अडचण दिसते. ॲल्युमिनियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन सोडवायला जवळपास ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. या लेझरच्या एका फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, असतात १.१७. मग वाफेचं आयनीभवन होतं कसं? तापलेल्या धातूतून आणि वाफेतून थोडे इलेक्ट्रॉन आधीच सुटे झालेले असतात. ते अणूंवर, आयनांवर (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंवर) आपटत असतानाच लेझरच्या प्रकाशातून ऊर्जा उचलतात. पुरेशी जमली की पुढच्या टकरीत एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात. एकाचे दोन, दोनाचे चार. काही नॅनोसेकंदांत वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांचा आणि आयनांचा तप्त वायू, होतो, आणि मग हाच प्लाझ्मा लेझरच्या आड येतो. पल्सचा शेवटचा भाग धातूपर्यंत पोचतच नाही. मधल्या प्लाझ्मातच जिरतो आणि त्याला आणखी तापवतो. लेझरची ऊर्जा दुप्पट केली म्हणून खड्डा दुप्पट खोल पडत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पल्स संपली. ठिणगीचं वय १० नॅनोसेकंद. तापमान दहा हजार केल्विनच्या काही पट, म्हणजे सूर्याच्या ५,८०० केल्विनच्या पृष्ठभागाच्या कितीतरी वर, आणि दर घनसेंटीमीटरला १० चा १८ वा घात किंवा त्याहून अधिक सुटे इलेक्ट्रॉन. या वेळी वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून पाहिला, तर निराशा होते. जांभळ्यापासून लालपर्यंत सलग पांढरट-निळसर झगझगाट असतो. त्यात रेषा अशा दिसतच नाहीत, दिसले तर नुसते उंचवटे.

असं होतं कारण हा प्रकाश मुख्यतः सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो. अणूला बांधलेला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरूनच उतरू शकतो, म्हणून त्याचा प्रकाश ठरावीक तरंगलांबीचा, आणि तीच त्या मूलद्रव्याची ओळख. सुट्या इलेक्ट्रॉनाला पायऱ्या नसतात. आयनाजवळून जाताना त्याचा वेग कमी झाला तर गेलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते, आणि ती कितीही असू शकते. आयनाने त्याला पकडलं तरी तेच: पकडण्याआधीचा वेग काहीही असू शकतो. म्हणून सगळ्या तरंगलांब्या एकदम. हा अखंड प्रकाश. तो ॲल्युमिनियमचा की तांब्याचा, ते त्यावरून सांगता येत नाही.

सुदैवाने तो लवकर मरतो, आणि का मरतो हे पाहण्यासारखं आहे. अखंड प्रकाशाला एक इलेक्ट्रॉन आणि एक आयन जवळ यावे लागतात, म्हणून तो दोघांच्या घनतेच्या गुणाकारावर चालतो. प्लाझ्मा फुगून सगळ्या दिशांनी दुप्पट झाला की घनफळ ८ पट होतं, दोन्ही घनता एक-अष्टमांश होतात, आणि गुणाकार एक-चौसष्टांश. आकारमान ८ पट वाढलं हे जमेस धरलं तरी एकूण अखंड प्रकाश आठव्या हिश्श्यावर येतो. रेषांचा प्रकाश मात्र एकेकट्या अणूतून येतो, आणि फुगल्याने अणूंची संख्या घटत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन आयनांना चिकटत जातात, तशी सुट्यांची गर्दीच ओसरते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक समोर असेपर्यंत शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही, पथक पुढे सरकलं की येतं. तो मघापासून बोलतच होता. रेषांचंही तसंच, त्या आधीपासून असतात.

पहिल्यांदा वर येतात त्या आयनांच्या रेषा, शंभर-दोनशे नॅनोसेकंदांच्या सुमारास. ॲल्युमिनियमच्या एकदा आयनित झालेल्या अणूची ४६६.३ नॅनोमीटरची रेषा दिसते. ५०० नॅनोमीटरजवळ नायट्रोजनच्या आयनाच्याही रेषा असतात, कारण ठिणगीने भोवतालची हवासुद्धा पेटवलेली असते. ॲल्युमिनियमच्या नमुन्यात नायट्रोजन कसा, म्हणून नवखा विद्यार्थी हमखास चक्रावतो.

या वयातल्या रेषा जाड असतात. प्रत्येक अणूभोवती इलेक्ट्रॉन आणि आयन घोंगावत असतात, त्यांच्या विद्युतक्षेत्राने अणूच्या पायऱ्या क्षणोक्षणी हलतात, आणि रेषा पसरते. याला स्टार्क रुंदीकरण म्हणतात. हे कटकटीचं, पण कामाचंही: रेषा किती जाड यावरून इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते. हवेतल्या दमटपणातून आलेल्या हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा या कामी फार वापरली जाते, कारण हायड्रोजन विद्युतक्षेत्राला सगळ्यांत जास्त बधतो. मायक्रोसेकंदापाशी घनता साधारण १० च्या १७ व्या घातापर्यंत उतरलेली असते.

त्यानंतर येतात उदासीन, म्हणजे आयनित नसलेले, अणू. ॲल्युमिनियमची प्रसिद्ध जोडी म्हणजे ३९४.४ आणि ३९६.१५ नॅनोमीटर, जांभळ्या टोकाला. आधी एकमेकींत मिसळलेल्या या दोघी मायक्रोसेकंदभरात सुट्या होतात आणि पुढे कित्येक मायक्रोसेकंद वर्णपटावर राज्य करतात.

आता एक प्रश्न, जो मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यांत आवडतो. या जोडीचा प्रकाश सोडणारी उत्तेजित अवस्था सरासरी ७ नॅनोसेकंदांच्या आत रिकामी होते. लेझर केव्हाच बंद झालाय. मग त्याच रेषा ५,००० नॅनोसेकंदांनंतरही कशा दिसतात? उत्तर असं की अणू एकदाच चमकत नाही. प्रकाश सोडून खाली आलेल्या अणूला एखादा इलेक्ट्रॉन धडकतो आणि पुन्हा वर चढवतो. शिवाय आयनांनी इलेक्ट्रॉन पकडल्याने नवे अणू वरच्या पायरीवर जन्मतच असतात. ठिणगी जगते ती अणूंच्या नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेवर. इलेक्ट्रॉन थंड पडले की वर चढवणारं कोणी उरत नाही.

म्हणूनच रेषांची आपापसातली तुलना हा तापमापक होतो. तांब्याची पट्टी घेतली तर हिरव्या भागात ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या तीन रेषा दिसतात. पहिली सुटते ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीच्या पायरीवरून, उरलेल्या दोन ६.२ च्या. ठिणगी तापलेली असताना उंच पायरीवरही भरपूर गर्दी असते, म्हणून ५२१.८ दिमाखात उभी असते. थंड होत गेली की वरची पायरी आधी ओस पडते आणि ५१०.६ तुलनेने वर येते. ओळीने घेतलेले वर्णपट शेजारी ठेवले तर ही अदलाबदल नुसत्या डोळ्यांनी कळते. हिशोब मांडला तर हवेतल्या अशा ठिणगीचं तापमान अर्ध्या मायक्रोसेकंदाला १५,००० केल्विनच्या आसपास आणि ५ मायक्रोसेकंदांना ८,००० च्या आसपास भरतं. ऊर्जा, धातू, ठिपक्याचा आकार बदलला की हे सगळं वेळापत्रक सरकतं. म्हणून 'प्लाझ्माचं तापमान इतकं होतं' असं कोणी वय न सांगता लिहिलं, तर त्या आकड्याला मी तरी फारशी किंमत देत नाही.

आयन आधी का आणि अणू नंतर का, याचं गणित एका भारतीयाने शंभर वर्षांपूर्वीच मांडलंय. मेघनाद साहांनी १९२० मध्ये सूर्याच्या वर्णावरणाविषयी (पृष्ठभागावरच्या वायूच्या थराविषयी) लिहिताना तापमान आणि दाब दिला की किती अणू आयनित असतील ते सांगणारं समीकरण दिलं. त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांचा गुंता सुटला: अतितप्त ताऱ्यांत आयनांच्या रेषा, मध्यम ताऱ्यांत उदासीन धातूंच्या, आणि थंड लाल ताऱ्यांत टायटॅनियम ऑक्साइडसारख्या रेणूंचे पट्टे. आपल्या ठिणगीला हेच समीकरण लावतात. टायटॅनियमचा तुकडा लेझरखाली ठेवला तर हा सगळा क्रम, शेवटच्या टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांसकट, दहा मायक्रोसेकंदांच्या काही पट वेळात एकाच जागी घडताना दिसतो. अट एवढीच की टकरी इतक्या दाट हव्यात की प्रत्येक क्षणी स्थानिक समतोल राहील. ठिणगी विरळ झाली की साहांचं समीकरण सैल पडू लागतं.

मापन कसं करतात ते थोडक्यात. साधा कॅमेरा इतका चपळ नसतो, म्हणून वर्णपटमापकाच्या पुढे प्रतिमावर्धक नळी बसवलेला कॅमेरा लावतात. नळीचा विद्युतदाब फिरवून तिची खिडकी काही नॅनोसेकंदांत उघडता-मिटता येते. लेझरनंतर किती वेळाने उघडायची तो 'डिले' आणि किती वेळ उघडी ठेवायची ते 'गेट'. धातूंच्या नेहमीच्या तपासणीला साधारण एक मायक्रोसेकंद डिले आणि काही मायक्रोसेकंद गेट. डिले कमी ठेवला तर अखंड प्रकाश रेषांना गिळतो, फार वाढवला तर रेषाच मंद होतात.

या पद्धतीची एक गोम पाठ्यपुस्तकात क्वचितच ठसवलेली असते. अशा कॅमेऱ्यातून एका ठिणगीचा सहसा एकच क्षण टिपता येतो. आलेखात जो सलग 'चित्रपट' दिसतो तो शेकडो वेगवेगळ्या ठिणग्यांचे वेगवेगळ्या वयाचे फोटो ओळीने लावून केलेला असतो. लेझरची ऊर्जा दर पल्सला जराशी हलते, आणि त्याच ठिपक्यावर मारत राहिलं तर खड्डा खोल जातो नि प्लाझ्माचा आकारच बदलतो. म्हणून पट्टी दर काही पल्सनंतर सरकवतात किंवा फिरती ठेवतात आणि सरासरी काढतात. हे न केलेल्या प्रयोगातला सुंदर उतार ठिणगीच्या वयाचा नसून खड्ड्याच्या खोलीचा असू शकतो.

दुसरी गोम आत्मशोषणाची. ठिणगीचा गाभा गरम, बाहेरचं कवच थंड. गाभ्यातून निघालेला ३९६.१५ चा प्रकाश कवचातले थंड ॲल्युमिनियम अणू वाटेतच शोषतात, कारण ते खालच्या पायरीवर बसून नेमक्या त्याच तरंगलांबीची वाट पाहत असतात. वय वाढतं तसं कवच जाड होतं. कधी कधी तर रेषेच्या माथ्यालाच खाच पडते आणि एकीच्या दोन दिसतात. ३९६.१५ आणि ३९४.४ यांच्या तीव्रतेचं मूळ प्रमाण २ ला १ आहे. ते १ ला १ कडे झुकलेलं दिसलं की समजावं, शोषण चालू आहे आणि या रेषांवरून थेट टक्केवारी काढायची नाही.

आता हवा काढून घेऊ. हवेत ठिणगीला सगळीकडून दाब असतो. ती फुगताना हवेला धक्का देते, आघातलहर उठते (लेझरच्या प्रत्येक पल्सबरोबर ऐकू येणारं 'टक्' ते हेच) आणि मग ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर अडून राहते. अडल्यामुळे दाट राहते, टकरी चालू राहतात, प्रकाश टिकतो. आर्गॉनमध्ये तो आणखी उजळ आणि दीर्घजीवी, कारण जड आर्गॉन उष्णता लवकर वाहून नेत नाही, हेलियम नेतो. निर्वातात अडवणारं कोणीच नाही. प्लाझ्मा सेकंदाला १० किलोमीटर किंवा त्याहून वेगाने पसरतो, म्हणजे मायक्रोसेकंदात सेंटीमीटरभर. अखंड प्रकाश झटकन जातो हे बरं, पण त्यापाठोपाठ रेषाही जातात. चंद्रावर नेमकी हीच परिस्थिती आहे.

मंगळ या दोहोंच्या मध्ये. तिथला दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. १९ ऑगस्ट २०१२ ला क्युरिऑसिटी रोव्हरच्या केमकॅम या लिब्ज उपकरणाने 'कोरोनेशन' नाव दिलेल्या दगडावर १० सेकंदांत ३० पल्स मारल्या, तेव्हा त्याच्या वर्णपटमापकांना नॅनोसेकंदांत उघडणारं गेट नव्हतं. ठिणगीचं अख्खं आयुष्य एकाच फोटोत. हे चाललं, कारण त्या विरळ हवेत अखंड प्रकाश मुळात कमी वेळ टिकतो. उरलेला संगणकावर वजा केला जातो. नंतरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या सुपरकॅमला दृश्य प्रकाशाच्या एका भागासाठी गेट असलेला वर्णपटमापक आहे, आणि मायक्रोफोनही आहे. त्या 'टक्'चं मंगळावरचं ध्वनिमुद्रण पृथ्वीवर आलेलं आहे.

सगळ्यांनाच उशिराचा प्रकाश हवा असतो असं नाही. संगणकाच्या आधुनिक चिप कोरण्यासाठी १३.५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो, आणि तो कथिलाच्या प्लाझ्मातून मिळतो. एएसएमएल या डच कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला ५०,००० या गतीने पडतात. आधी एक हलकी पल्स थेंबाला चपटं करते, मग कार्बन डायऑक्साइड लेझरची जोरकस पल्स त्याचा प्लाझ्मा करते. हवा असलेला प्रकाश देतात ते दहा-बारा इलेक्ट्रॉन गमावलेले कथिलाचे आयन, आणि तसे आयन लेझर चालू असतानाच टिकतात. लिब्जवाला ज्या क्षणी खिडकी उघडतो, त्या क्षणी या यंत्राच्या दृष्टीने नुसता कचरा उरलेला असतो.

आणि लिब्जवालेही ज्याला बरीच वर्षं कचरा समजत आले तो ठिणगीचा शेवटचा टप्पा, रेणूंचा. ॲल्युमिनियमच्या ठिणगीचं तापमान काही हजार केल्विनवर उतरलं की अणू हवेतल्या ऑक्सिजनला धरतात आणि ४८४ नॅनोमीटरजवळ ॲल्युमिनियम ऑक्साइडचे निळसर हिरवे पट्टे उमटतात. प्रत्येक पट्टा एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला विरत जाणारा. एकदा पाहिलेली ओळख विसरत नाही. अणूंच्या रेषा शोधणाऱ्याला हा अडथळा वाटतो. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, ओळखायला असे रेणूंचे पट्टे उत्तम. बोरॉन-१० आणि बोरॉन-११ यांच्या २०८.९ नॅनोमीटरच्या अणुरेषांमधलं अंतर अवघं ०.००२५ नॅनोमीटर, जाड स्टार्क रेषेत सहज बुडून जाणारं. बोरॉन ऑक्साइडचा रेणू मात्र स्प्रिंगसारखा कंप पावतो, कंपनाचा वेग वस्तुमानावर ठरतो, आणि पट्ट्यांमधलं अंतर त्यामुळे शेकडो पटींनी मोठं होतं. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषण्याचं काम बोरॉन-१० करतो, बोरॉन-११ जवळजवळ नाहीच. त्यामुळे नियंत्रणदांड्याच्या बोरॉन कार्बाइडमध्ये कुठला किती, हे तिथे कळावं लागतं, आणि त्यासाठी डिले एका मायक्रोसेकंदावरून कित्येक मायक्रोसेकंदांपर्यंत न्यावा लागतो.